गाळाने वाचवलेलं गाव : होई आन

आजची गोष्ट एका नोटेपासून सुरू होते. व्हिएतनामच्या २०,००० डाँगच्या नोटेमागे एक पूल छापलाय, छप्पर असलेला. आदल्या दिवशी तीच नोट देऊन मी कॉफी प्यायलो, आणि दुसऱ्या दिवशी थेट त्या पुलावर उभा! गाव होई आन. पिवळ्या भिंती, रंगीत कंदील, झटपट कपडे शिवून देणारे शिंपी. बॅकपॅकर मंडळींचं लाडकं ठिकाण. पण हे सगळं इतकं जुनं, जसंच्या तसं उरलं कसं?

तर सोळाव्या-सतराव्या शतकात हे मोठं बंदर होतं. युरोपीय लोक त्याला फायफो म्हणत. चीन-जपानची शिडाची जहाजं हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर यायची आणि परतीसाठी उलट्या वाऱ्याची वाट बघत काही महिने इथेच थांबायची. मुक्काम लांबला की घरं होतात, वखारी होतात, देवळं होतात. जपानी वस्तीने तो पूल बांधला असं मानतात. पुढे १६३५ मध्ये शोगुनने जपान्यांना परदेशी जायला आणि तिथून परतायलाही बंदी केली. वस्ती विरून गेली, पूल राहिला.

मग थू बोन नदी गाळाने भरत गेली. मोठी जहाजं आत येईनात, आणि एकोणिसाव्या शतकात व्यापार डा नांगला गेला. होई आन मागे पडलं. पैसाच नाही, तर जुनं पाडून नवं बांधणार कोण? युद्धातही गाव बरंचसं वाचलं. १९८० च्या दशकात काझिमिएझ क्विआत्कोव्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञाने ते जपण्यासाठी धडपड केली. १९९७ मध्ये ते गेले आणि १९९९ मध्ये गावाला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. गावात त्यांचा पुतळा आहे.

एका जुन्या घरात भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा दाखवल्या. छताला चौकोनी झडप. पाणी चढलं की माल दोरीने वर ओढायचा. पूर या लोकांना नवा नाही. नवा आहे तो आपला, म्हणजे पर्यटकांचा लोंढा. कितीतरी कुटुंबांनी घरं दुकानांना भाड्याने दिली आणि स्वतः बाहेर राहायला गेली. पैसा येतो, घरं टिकतात, हेही खरंच. पण रात्री दहानंतर कंदील विझले, तेव्हा मी वरच्या खिडक्यांकडे बघत चाललो होतो. बऱ्याच खिडक्यांत दिवाच नव्हता.

तुम्ही गेलात तर फोटो जरूर काढा. एकदा वरही बघा.

भेटू पुढच्या भागात!