सुरतेच्या वाटा, डोंगरातले वाटाडे

गुजरातीत वाट दाखवणाऱ्याला 'भोमियो' म्हणतात आणि मराठीत 'वाटाड्या'. सुरतेत वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या तोंडी दोन्ही शब्द सारखेच बसलेले. पण नीट पाहिले तर दोहोंत एक बारीक फरक आहे. वाटाड्याला वाट ठाऊक असते, भोमियोला भूमी. तापीच्या दक्षिणेला सह्याद्रीचे जे शेवटचे टोक डांग, बागलाण, सुरगाणा, पेठ आणि जव्हार यांमधून पसरले आहे, तिथे हिंडताना या दोन्ही शब्दांचा धनी एकच माणूस असतो. खांद्यावर कुऱ्हाड, कमरेला कोयता, आणि नदी ओलांडायच्या आधी क्षणभर थांबून पाण्याकडे पाहण्याची सवय. सुरतेच्या दोन्ही स्वाऱ्यांबद्दल मी आजवर जे वाचले, त्यात हा माणूस मला सापडला नाही. म्हणून हा लेख.

सुरतेतल्या मराठी घरांत हा विषय थोडा अवघडच. गुजराती शेजारी थट्टेने म्हणतो, "तुमच्या शिवाजीने आमचं सुरत लुटलं," आणि आपण हसून चहाचा कप पुढे करतो. उधन्याला महाराजांचा तळ पडला होता, त्याच उधन्यात आज खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. लूट की स्वारी, हा वाद दोन्ही भाषांत पुष्कळ झाला आहे. त्यात मला पडायचे नाही. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. हजारो घोडी सुरतेपर्यंत आली कुठून, आणि लुटीच्या ओझ्यासह परत गेली कुठून?

राजमार्ग होता. सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूर असा तो पूर्वेला जाई. नवापूरहून एक फाटा नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला, दुसरा पिंपळनेरवरून बागलाणातून दौलताबादकडे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच रस्त्याने गेला आणि त्याने मुक्काम लिहून ठेवले. नवापूरच्या तांदळाचे तर त्याला भारी कौतुक: दाणा नेहमीच्या निम्मा, शिजला की हिमासारखा पांढरा, आणि वास कस्तुरीचा. इराणात कोणाला खूश करायचे तर या तांदळाचे पोते भेट द्यावे, असे तो लिहितो. (आजचे नवापूर स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत विभागलेले आहे, पण ते पुढे येईल.) या रस्त्यावर तांडे होते, सराया होत्या, मोगलांची ठाणी होती. अशा रस्त्याने फौज निघाली की बातमी फौजेच्या आधी सुरतेत पोहोचणार, हे उघड आहे.

१६६४ च्या जानेवारीत महाराज या रस्त्याने आले नाहीत. नाशिक-त्र्यंबकच्या बाजूने उतरून जव्हार, रामनगर आणि तिथून गणदेवी, असा त्यांचा मार्ग साधारणपणे मानला जातो. रामनगर म्हणजे पुढचे धरमपूर संस्थान. ५ जानेवारीला सुरतेत बातमी आली की फौज गणदेवीला आहे, म्हणजे जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी फौज उधन्याला होती. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. शहराला तेव्हा पक्का कोट नव्हता, नुसती मातीची भिंत.

जदुनाथ सरकारांनी चार हजार स्वारांचा आकडा दिला आहे. आता गणित करून पाहा. एका घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. म्हणजे चार हजार घोड्यांना रोज एक लाख लिटर. शिवाय चारा, शिवाय माणसांचे पोट. त्र्यंबक ते गणदेवी या मुलखात एकही मोठे शहर नाही. पाच-पंचवीस झोपड्यांचे पाडे, मध्ये साग, बांबू, आणि दमणगंगा, पार, औरंगा, अंबिका अशा पूर्वेकडून पश्चिमेला धावणाऱ्या नद्या. प्रत्येक नदीला खोल दरी, आणि घोडे उतरू शकेल असा उतार मैलामैलांवर एखादाच. जानेवारी महिना मात्र नेमका निवडलेला दिसतो: नदीत पाणी गुडघाभर, भात आणि नागली खळ्यावरून घरात आलेली, पेंढा रचलेला. हे सारे नकाशावर दिसत नाही, आणि तेव्हा नकाशे होते तरी कुठे? कोणत्या डोहाला उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकते, कोणत्या दांडावरून घोडे जाते आणि कोणत्या दांडावर फक्त शेळी, हे तिथला वारली, कोकणा, कोळी, भिल्लच सांगणार.

सभासदाच्या बखरीत बहिरजी जाधव या जासुदाचे नाव येते. सुरत मारली तर अगणित द्रव्य सापडेल, ही खबर त्यानेच आणली असे सभासद सांगतो. बहिरजीचे नाव राहिले ते योग्यच झाले. पण जासुदाने शहराची खबर आणली. शहरापर्यंतच्या दऱ्यांतून फौज नेणारे वाटाडे वेगळे असणार, एका माणसाला दोनशे किलोमीटरच्या सगळ्या ओहोळांची माहिती असत नाही. माझा तर्क असा की गावागणिक वाटाड्या बदलला असेल. आजही तसेच होते. एका गावचा माणूस आपल्या शिवेपर्यंत येतो, वाघदेवाच्या दगडापाशी थांबतो आणि म्हणतो, पुढे त्यांचं रान.

(वाघदेवावरून आठवले. आपल्याकडे दिवाळी वसुबारसेला सुरू होते. गुजराती शेजारी तिला वाघबारस म्हणतात आणि डोंगरातली माणसेही. शहरी गुजराती घरात त्या दिवशी वाघाची आठवण कोणी फारशी काढत नाही. डोंगरात मात्र वाघदेवाची पूजा होते. दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्यांना असे सण दोनदा समजतात.)

या डोंगरांतल्या राजांचे महत्त्व इतिहासात एका शब्दापुरते उरले आहे. तो शब्द 'चौथ'. दमणच्या पोर्तुगीज गावांकडून रामनगरचा राजा चौथ घेत असे, म्हणून पोर्तुगीज त्याला 'चौथिया' राजा म्हणत. त्याच्या माणसांनी डोंगरातून उतरून गावे लुटू नयेत यासाठी दिलेला हा पैसा. ज्याच्या हाती वाट, त्याला मैदानाने कर द्यायचा, असा हा व्यवहार होता. डांगच्या भिल्ल राजांचाही आसपासच्या सपाटीवरच्या गावांवर 'गिरास' म्हणून असाच हक्क असे. पुढे ज्या चौथाईने अर्धा हिंदुस्थान व्यापला, तिचे बीज या जंगलातल्या राजाच्या वसुलीत आहे, हे सुरेंद्रनाथ सेनांसारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे. आम्ही शाळेत चौथाई शिकलो. हा राजा शिकलो नाही.

जव्हारजवळ शिरपामाळ नावाची जागा आहे. सुरतेला जाताना महाराज तिथे उतरले आणि जव्हारच्या विक्रमशहाने त्यांचा सन्मान केला, शिरपेचावरून माळाला नाव पडले, अशी तिथली परंपरा आहे. आणि आठच वर्षांनी, जून १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी त्याच विक्रमशहाचे जव्हार घेतले. जुलैत रामनगरही घेतले. कल्याणपासून सुरतेपर्यंतची वाट आता स्वराज्याच्या हातात आली आणि सुरतेकडे चौथाईची मागणी गेली. राज्याच्या दृष्टीने हे धोरण बिनचूक होते. पण ज्याने माळावर स्वागत केले त्याचे काय झाले, हे शिरपामाळला गेलेल्या सहलीत कोणी सांगत नाही, आणि मला ते सांगितले जावे असे वाटते.

दुसरी स्वारी ३ ते ५ ऑक्टोबर १६७० ची. तिची परतीची वाट अधिक बोलकी आहे. मोगलांच्या चौकशीत सहासष्ट लाखांचा ऐवज गेल्याचे ठरले. एवढे ओझे घेऊन फौज सुरतेहून बागलाणात शिरली आणि मुल्हेरच्या पायथ्याजवळून दक्षिणेला वळली. बागलाण हा काही ओसाड मुलूख नव्हे. अबुल फजलने साल्हेर-मुल्हेरसारख्या बेलाग किल्ल्यांचा आणि तिथल्या फळांचा उल्लेख केला आहे. मुल्हेरच्या दरबारी रुद्रकवीने १५९६ मध्ये संस्कृत महाकाव्य लिहिले. १६३८ मध्ये औरंगजेबाने हे राज्य मोगलाईत आणले. म्हणजे १६७० मध्ये हा मुलूख तीस-बत्तीस वर्षे मोगलांचा होता. तरी वाट कोणाला ठाऊक होती?

बुऱ्हाणपूरहून दाऊदखान कुरेशी पाठलागावर निघाला. मध्यरात्री त्याला कळले की मराठे कांचन-मांचनच्या खिंडीतून केव्हाच पार झाले. अर्धी फौज ओझे घेऊन नाशिकच्या रस्त्याने पुढे निघाली आहे आणि अर्धी मागे खिंड धरून आहे. तो तसाच रात्री निघाला. त्या फौजेत भीमसेन सक्सेना हा लेखक स्वतः होता. चंद्र मावळला आणि अंधारात मोगलांच्या रांगा विस्कळल्या. पहाटे इखलासखान एका टेकाडावर चढला तर समोर मराठी फौज लढाईला सज्ज. १७ ऑक्टोबरची ही वणी-दिंडोरीची लढाई. तिचे वर्णन करताना सगळे तलवारींचे करतात. मला मात्र त्याआधीची रात्र महत्त्वाची वाटते. एक फौज अंधारात धडपडते आणि दुसरी लुटीने लादलेली घोडी घेऊन खिंड ओलांडून जाते, यात फरक शौर्याचा नाही. एकीजवळ भोमियो होते.

त्यानंतर १६७१ च्या आरंभी साल्हेर घेतला गेला, १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी उघड्या मैदानात मोठी लढाई जिंकली, सूर्याजी काकडे पडले. हे सर्वांना माहीत आहे. पिलाजी गायकवाडांनी १७१९ च्या सुमारास गुजरातेत पाय रोवला तोही सोनगडला, भिल्ल-कोळ्यांच्या साहाय्याने. बडोद्याचे राजवाडे पाहताना सोनगडचे जंगल आठवणारे थोडे.

इंग्रजी अमलात वाटाड्याचे काम बदलले. गावात साहेब आला की त्याला पुढच्या शिवेपर्यंत पोचवणे हे देशावर महाराचे, खानदेशात जागल्या भिल्लाचे काम. साहेबाचे सामानही डोक्यावर. मोबदला मिळाला तर मिळाला, एरवी वेठ. डांगात १८३० मध्ये आउट्रम फौज घेऊन शिरला, आणि १८४२ मध्ये इंग्रजांनी भिल्ल राजांकडून जंगल पट्ट्याने घेतले. मुंबईच्या गोदीला साग हवा होता. अजय स्कारिया यांनी डांगी माणसांकडून वाडवडिलांच्या 'गोठी' ऐकून १९९९ मध्ये 'हायब्रिड हिस्टरीज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात डांगी माणूस काळाचे दोन भाग करतो: इंग्रजांपूर्वीची 'मोगलाई', म्हणजे मन मानेल तिथे फिरण्याचा काळ, आणि नंतरची 'मंदिनी', म्हणजे जंगलाला हद्दी पडल्या तो काळ. आपल्या तोंडी मोगलाई म्हणजे अंदाधुंदी. त्यांच्या तोंडी ती मोकळीक! एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मला कोणत्याही सनावळीपेक्षा जास्त शिकवून गेले.

१ मे १९६० ला आणखी एक हद्द पडली. डांग कोणाचा, यावर दोन्हीकडून पुष्कळ शाई खर्च झाली होती; डांग गुजरातेत गेला, सुरगाणा नाशिक जिल्ह्यात राहिले, जव्हार ठाण्यात होते ते २०१४ पासून पालघरमध्ये. डांगी बोली कोणाच्या बाजूची, हे ठरवायला दोन्हीकडचे विद्वान होते. बोलणाऱ्यांना बाजार गाठायचा होता.

मी गेली अनेक वर्षे सुरतेहून मित्रमंडळी घेऊन या डोंगरांत जातो. पूर्वी आम्ही दहाबारा जण असायचो, आता बस भरून माणसे येतात. साल्हेर १,५६७ मीटर उंच, महाराष्ट्रात कळसूबाईखालोखाल. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले आले, त्यांत तो आहे. गर्दी आणखी वाढेल. शहरातून सहल काढणारे पत्रक छापतात, पुढारी शहरातलाच असतो, शिट्टी त्याच्याच गळ्यात. गावातला माणूस पुढे चालतो, रात्री त्याच्या घरी नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ सगळे जेवतात, आणि पत्रकात त्याचा उल्लेख 'स्थानिक मदत' असा असतो. एका सहलीत तर मोबाइलवरचा नकाशा पाहून पुढाऱ्याने त्याला घरी पाठवले. संध्याकाळी सगळी मंडळी ओढ्याच्या चुकीच्या काठावर, आणि तो कंदील घेऊन शोधायला आला. त्याला त्या दिवसाची निम्मी मजुरी मिळाली.

माझ्यासोबत बहुतेकदा येणारे एक काका आहेत. मुले त्यांना गुजरातीत हाक मारतात, मी मराठीत, ते दोघांनाही डांगीत उत्तर देतात आणि कोणाचे अडत नाही. गेल्या थंडीत दांडावर बसून मी त्यांना विचारले, हद्द नेमकी कुठून जाते? त्यांनी कुऱ्हाडीच्या दांड्याने खालच्या दोन पाड्यांकडे दाखवले. या पाड्यात घर, त्या पाड्यात मुलगी दिलेली. मधली पायवाट तिच्या सासऱ्याने साफ ठेवलेली असते, पावसाळ्यानंतर दरवर्षी. "भाऊ, उतार तिथूनच बरा आहे," ते म्हणाले, आणि उठून पुढे झाले.