कॅमेऱ्यातल्या इंचाची कुळकथा

रोजच्या वापरासाठी डिजिटल कॅमेरा निवडताना दोन आकडे समोर येतात. मेगापिक्सेलचा आकडा खोक्यावर ठळक अक्षरांत असतो. सेन्सरचा, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश ज्या सिलिकॉनच्या चौकोनी तुकड्यावर पडतो त्याचा आकार मात्र माहितीपत्रकाच्या तळाशी १/२.३ इंच, १/१.७ इंच अशा अपूर्णांकांत लिहिलेला असतो. अलीकडे ‘एक इंची सेन्सर’ हे शब्द महागड्या मोबाइल फोनच्या जाहिरातींतही मोठ्या टायपात दिसू लागले आहेत. या एक इंची सेन्सरची खरी मापे १३.२ मिलिमीटर बाय ८.८ मिलिमीटर अशी आहेत. त्याचा कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर भरतो आणि इंच तर २५.४ मिलिमीटरचा. लांबी, रुंदी, कर्ण यांपैकी काहीच इंचभर नाही. ही कोणा एका कंपनीची लबाडी म्हणता येत नाही, कारण सगळेच उत्पादक हे माप असेच वापरतात. हा इंच कुठून आला याचा माग काढत गेले, की आपण सत्तरेक वर्षांपूर्वीच्या एका काचेच्या नळीपाशी पोचतो. माझे म्हणणे असे, की हे माप जन्माला आले तेव्हा प्रामाणिक होते आणि उपयोगीही होते. पण ज्या तंत्रज्ञासाठी ते होते तो बाजूला झाला आणि त्याच्या जागी गिऱ्हाईक आले, तेव्हाच ते बदलायला हवे होते. ते न बदलल्यामुळे कॅमेरा निवडताना जी गोष्ट सर्वांत आधी पाहायची, तीच खरेदीदाराच्या नजरेआड राहिली.

ती नळी म्हणजे व्हिडिकॉन. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत ती तयार झाली आणि १९५० मध्ये जगासमोर आली. त्याआधीच्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळ्या अवजड आणि महाग होत्या. व्हिडिकॉन त्यामानाने लहान, साधी आणि स्वस्त होती. नळीच्या दर्शनी काचेच्या आतल्या अंगाला प्रकाश पडला की वीजवहन बदलणाऱ्या पदार्थाचा पातळ थर असे. लेन्स त्या थरावर दृश्याची प्रतिमा उमटवी आणि मागून येणारा इलेक्ट्रॉनचा झोत ओळीओळीने तो थर वाचत जाई. झोत वळवणारी विजेची वेटोळी नळीच्या बाहेरून बसवलेली असत. कॅमेरा बांधणाऱ्याला पहिला प्रश्न पडे तो हा, की ही नळी माझ्या वेटोळ्यात बसेल का? म्हणून नळीचे नाव तिच्या बाहेरच्या व्यासावरून पडले. एक इंची नळी म्हणजे बाहेरून इंचभर जाडीची नळी. काचेची जाडी आणि कडेचा निरुपयोगी भाग वजा जाता प्रतिमेसाठी जागा उरे १२.८ मिलिमीटर बाय ९.६ मिलिमीटर, म्हणजे कर्ण १६ मिलिमीटर. हा हिशेब त्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ होता, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्नच नव्हता.

पुढे १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या सिलिकॉनच्या चिपची कल्पना मांडली. याच कामासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सीसीडीत काचेची नळी नाही, झोत नाही, वेटोळी नाहीत. १९८०च्या दशकात व्हिडिओ कॅमेऱ्यांतून नळ्या जाऊन त्यांच्या जागी सीसीडी आले, तेव्हा बाहेरच्या व्यासाने मोजण्यासारखे काही शिल्लकच राहिले नव्हते. तरीही इंच टिकला, आणि त्याला चांगले कारण होते. एक इंची, दोन तृतीयांश इंची, अर्धा इंची नळ्यांसाठी घडवलेल्या लेन्स बाजारात होत्या, स्टुडिओंच्या कपाटांत होत्या, कारखान्यांतल्या यंत्रांवर चढवलेल्या होत्या. नवा सेन्सर जुन्या नळीच्या प्रतिमेएवढाच केला, तर त्या सगळ्या लेन्स चालत राहणार होत्या. तेव्हा ‘दोन तृतीयांश इंची सीसीडी’ याचा अर्थ असा, की तुमच्याकडची दोन तृतीयांश इंची नळीची लेन्स यावर बिनदिक्कत लावा. तो आकाराचा दावा नव्हता, जोडणीची खूण होती. फारसा गोंधळ न होता एका पिढीचे सामान दुसऱ्या पिढीच्या हाती सुखरूप गेले.

बिनसले ते नंतर. १९९५ मध्ये कॅसिओने क्यूव्ही-१० हा कॅमेरा आणला. पाठीवर रंगीत पडदा असलेल्या या लहानशा कॅमेऱ्याने डिजिटल छायाचित्रण घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आणले. त्याचा सेन्सर १/५ इंची होता आणि त्यावर अडीच लाख पिक्सेल होते. या जातीच्या कॅमेऱ्याची लेन्स कायमची बसवलेली असते. ती काढायची नाही, दुसरी लावायची नाही, मग कोणत्या नळीची लेन्स चालेल हा प्रश्नही नाही. जोडणीच्या खुणेची गरज इथेच संपली होती. पण कारखान्यातली भाषा जशीच्या तशी दुकानात आली, आणि दुकानात तिचा अर्थ वेगळा झाला. ग्राहक टीव्ही घेतो तेव्हा पडद्याचा इंच हा कर्णाचा इंच असतो. त्या सवयीने कोणी एक इंची सेन्सरचा कर्ण इंचभर धरला, तर प्रत्यक्षातले क्षेत्रफळ त्याच्या अंदाजाच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी भरते. अपूर्णांकांत तर आणखी गोंधळ आहे. अर्ध्या इंची सेन्सरचा कर्ण ८ मिलिमीटर असतो. त्याच प्रमाणात एक तृतीयांश इंचीचा ५.३ यायला हवा, पण तो असतो ६ मिलिमीटर. लहान मापांना गुणोत्तरही वेगळे लावण्याची रीत पडली. मोठ्या सेन्सरांकडे गेले तर इंच सोडून दिलेला दिसतो आणि फिल्मच्या जमान्यातली नावे सुरू होतात. एपीएस-सी हे नाव १९९६ मध्ये आलेल्या आणि आता बंद पडलेल्या एपीएस फिल्मवरून आलेले, तर फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट, जी १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने रूढ केली. एकाच प्रकारच्या वस्तूची मापे एकमेकांशी तुलना न करता येणाऱ्या अशा दोन-तीन बोलींत सांगितली जातात, आणि ती तुलना करणे हेच तर खरेदीदाराचे काम असते.

या धुक्यात एकच आकडा साधा, सरळ आणि चढता होता, तो म्हणजे मेगापिक्सेल. सुरुवातीला त्याला खरेच महत्त्व होते. ६४० बाय ४८० पिक्सेलच्या फोटोची चार बाय सहा इंची प्रत काढली तर ती ओबडधोबड दिसे. इंचामागे ३०० ठिपके हे चांगल्या छपाईचे प्रमाण धरले, तर त्या प्रतीला सुमारे २२ लाख पिक्सेल लागतात आणि ए-४ कागदाला सुमारे ८७ लाख. त्यामुळे १९९०च्या दशकाच्या अखेरीस एकावरून दोन आणि दोनावरून तीन मेगापिक्सेलवर जाणे ही डोळ्यांना दिसणारी प्रगती होती. पण गरज भागल्यावरही शर्यत थांबली नाही. २००० साली कॅननचा जी-१ किंवा निकॉनचा कूलपिक्स ९९० यांसारख्या कॅमेऱ्यांत १/१.८ इंची सेन्सरवर ३.३ मेगापिक्सेल होते. २०१२च्या सुमारास साध्या खिशातल्या कॅमेऱ्यात १/२.३ इंची सेन्सरवर १६ मेगापिक्सेल सर्रास दिसू लागले. मिलिमीटरमध्ये मांडले म्हणजे काय घडले ते कळते. सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस मिलिमीटरवरून २८ वर आले आणि त्यावरचे पिक्सेल जवळजवळ पाचपट झाले. ज्याचा आकडा कळत होता ते वाढले आणि ज्याचा कळत नव्हता ते घटले. दोन्ही आकडे ग्राहकाला सारख्याच स्पष्टपणे दिसले असते तर बाजार याच दिशेने गेला असता, असे मला वाटत नाही.

क्षेत्रफळाला एवढे महत्त्व का, हे प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश सलग धारेने येत नाही, कणाकणाने येतो, आणि ते कण अनियमित येतात. जेवढे जास्त कण मोजले जातात तेवढी ही अनियमितता प्रमाणाने कमी दिसते, आणि कमी मोजले गेले की फोटो दाणेदार होतो. एकाच ॲपर्चरला, म्हणजे लेन्सच्या छिद्राच्या एकाच मापाला, आणि एकाच शटरवेगाला सेन्सर जेवढा मोठा तेवढा त्याच्या वाट्याला एकूण प्रकाश जास्त. एक इंची सेन्सरचे क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटर, म्हणजे १/२.३ इंचीच्या चौपट. फुल फ्रेमचे ८६४, म्हणजे तीसपट. भर उन्हात हा फरक फारसा जाणवत नाही. घरातल्या ट्यूबलाइटखाली, मंगल कार्यालयात, संध्याकाळच्या अंगणात तो फोटोभर दिसतो, आणि घरगुती फोटो बहुतेक अशाच प्रकाशात काढले जातात. मेगापिक्सेलवर राग काढणाऱ्यांनी मात्र एक चूक केली आहे. लहान पिक्सेल म्हणजे वाईट फोटो असे सरसकट नाही. संपूर्ण फोटो एकाच आकारात पाहिला, तर तो किती तुकड्यांत मोजला यापेक्षा एकूण किती प्रकाश गोळा झाला हे महत्त्वाचे ठरते. कॅननच्या जी मालिकेचा प्रवास इथे बोलका आहे. २००८च्या जी-१० मध्ये १/१.७ इंची सेन्सरवर १४.७ मेगापिक्सेल होते. २००९च्या जी-११ मध्ये सेन्सरचा आकार तोच ठेवून ते १० वर आणले गेले. आकडा मागे घेण्याचे ते धाडस कौतुकाचे होते. पण मोठी झेप आली ती सेन्सर वाढला तेव्हा. २०१२ मध्ये सोनीने आरएक्स-१०० मध्ये एक इंची सेन्सर खिशात मावणाऱ्या, बॅटरीसकट २४० ग्रॅम वजनाच्या कॅमेऱ्यात बसवला. त्यावर २० मेगापिक्सेल होते आणि त्या गर्दीने त्याचे काही बिघडले नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की नाव काही का असेना, मोठा अपूर्णांक म्हणजे मोठा सेन्सर एवढे कळले की पुरे. पण किती मोठा हेच तर त्यातून कळत नाही. १/१.७ आणि १/२.३ हे आकडे शेजारी ठेवून पहिल्याचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट आहे हे मनातल्या मनात ताडता येईल का? आणि शे-दीडशे ग्रॅम वजन किंवा पाच-दहा हजार रुपये जास्त देऊन काय मिळते, हे तर त्याच उत्तरावर ठरते. दुसरा आक्षेप जास्त पिक्सेल असले की फोटो हवा तसा कापता येतो, हा. चांगल्या उजेडात आणि चांगल्या लेन्सला तो लागू आहे. मात्र प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो. एफ/२.८ या ॲपर्चरला प्रकाशबिंदूचा ठिपका जवळपास पावणेचार मायक्रॉनचा होतो, आणि १६ मेगापिक्सेलच्या १/२.३ इंची सेन्सरवरचा पिक्सेल १.३ मायक्रॉनच्या आसपास असतो. एकच ठिपका तीन पिक्सेल व्यापत असेल, तर पिक्सेल आणखी बारीक केल्याने तपशील फारसा वाढत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आजचे फोन एका क्लिकमागे अनेक फोटो घेतात, ते एकमेकांवर बसवतात आणि लहान सेन्सरचे दुबळेपण गणिताने भरून काढतात, मग आकाराचे एवढे काय? हे तंत्र खरोखर थोर आहे आणि स्थिर दृश्यात ते चमत्कार करते. पण धावणारे मूल चार फोटोंत चार ठिकाणी असते. शिवाय तेच गणित मोठ्या सेन्सरवर चालवले तर आणखी चांगले फळ देते. याची साक्ष फोन बनवणाऱ्यांनीच दिली आहे. २०१२च्या नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू या फोनची ख्याती ४१ मेगापिक्सेलची झाली, पण त्याचे बळ १/१.२ इंची सेन्सरमध्ये होते, आणि त्याच्या नेहमीच्या मांडणीत तो अनेक पिक्सेल एकत्र करून ५ मेगापिक्सेलचाच फोटो देई. २०२२ मध्ये शाओमीच्या १२एस अल्ट्रामध्ये एक इंची सेन्सर आला. गणित पुरेसे असते, तर पातळ फोनच्या पाठीवर एवढा मोठा उंचवटा कोणी आणला नसता.

लहान सेन्सरची बाजूही खरी आहे आणि ती मांडायला हवी. सेन्सर वाढला की लेन्स वाढते, आणि जो कॅमेरा जड म्हणून कपाटात राहतो तो रोजच्या वापराचा नव्हे. दूरचे पक्षी टिपायचे असतील तर लहान सेन्सर उलट उपयोगी पडतो. २०१८च्या निकॉन पी-१००० मध्ये ५३९ मिलिमीटरची लेन्स १/२.३ इंची सेन्सरमुळे फुल फ्रेमच्या ३००० मिलिमीटरएवढे काम करते. तेवढीच पोच फुल फ्रेमला हवी असेल, तर लेन्स हाताने उचलता येणार नाही. म्हणजे लहान सेन्सर घेणे हा शहाणा निर्णय असू शकतो. तो जाणून घेतलेला असावा, एवढेच.

आपल्या देशात वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ साली झाला आणि दशमान पद्धत रुजली. टीव्हीच्या जाहिरातीत आज सेंटिमीटर आधी असतो आणि इंच कंसात. सेन्सरच्या बाबतीत तसे करायला काहीच अडचण नाही. बरेच उत्पादक सविस्तर तपशिलात १३.२ बाय ८.८ असे मिलिमीटर देतातच, आणि सोनीसारखी कंपनी तर तिथे इंच न लिहिता ‘१.०-टाइप’ लिहिते. ती मापे खोक्यावर, मेगापिक्सेलच्या शेजारी आणि तेवढ्याच टायपात यायला हवीत. ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरावी. ती पुरी होईपर्यंत खरेदीदाराने स्वतःच विचारावे, की सेन्सर मिलिमीटरमध्ये किती बाय किती? दोन्ही आकड्यांचा गुणाकार करावा आणि मगच दोन कॅमेऱ्यांच्या किमती शेजारी ठेवाव्यात. घरातल्या माणसांचे, संध्याकाळचे आणि दिव्याखालचे फोटो काढायचे असतील, तर शंभर चौरस मिलिमीटरच्या खाली उतरू नये. मेगापिक्सेल बारा असले तरी पुरतात.