मोडशी आणि पेज



'मोडशी' हा शब्द आज आपल्या बोलण्यात अपचनापुरता उरला आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबी अंमळ जास्त झाली की दुसऱ्या दिवशी मोडशी होते, आणि घरातील वडीलधारी बाई ओवा व पादेलोण काढून देते. परंतु साडेचारशे वर्षांपूर्वी हाच शब्द ऐकून कोकणातील माणसाच्या काळजाचे पाणी होत असे. तेव्हा मोडशी म्हणजे पटकी, ज्याला आपण कॉलरा म्हणतो तो रोग. 'मोडणे' या क्रियापदापासून हा शब्द निघाला, असे कोशकार सांगतात. ज्याने पटकीचा रोगी पाहिला आहे त्याला ही व्युत्पत्ती पटवून द्यावी लागत नाही. धडधाकट मनुष्य दोन प्रहरांत मोडून पडतो. पोर्तुगिजांनी त्याचे 'मोर्देशी' केले, आणि फ्रेंचांच्या कानांना तेच 'मोर-द-शियँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे ऐकू आले.

1543 साली गोव्यात या रोगाने कहर केला. गास्पार कोरैया या पोर्तुगीज बखरकाराने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्याच सुमारास गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा एक वैद्य राहत होता. तो 1534 मध्ये पोर्तुगालहून आला आणि पुन्हा परत गेला नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह होता, त्यामुळे देशावरचे वैद्य आणि हकीमही त्याच्या परिचयाचे होते. 1563 मध्ये गोव्यातच छापून निघालेल्या त्याच्या ग्रंथात येथील औषधी द्रव्यांवरील संवाद आहेत. हळद आहे, आले आहे, मिरी आहे, हिंग आहे. विद्वानांच्या लॅटिनऐवजी त्याने तो पोर्तुगीज भाषेत लिहिला, हे मला विशेष वाटते.

त्यातील एक संवाद मोडशीवर आहे. रोग्याचे खोल गेलेले डोळे, हरवत चाललेली नाडी, पायांतले गोळे, सारे त्याने बारकाईने टिपले आहे. मग येथील लोक काय उपाय करतात तेही तो सांगतो: तांदळाची पेज, तीत मिरी आणि जिरे. तिला तो 'कांजी' या येथल्याच नावाने ओळखतो. पण त्याच ठिकाणी दुसरेही उपाय नोंदलेले आहेत. रोग्याच्या पायांना डाग देतात, आणि डोळ्यांत पिंपळी घालतात! पेज आणि डागणी अशी एकमेकींच्या शेजारी बसलेली आहेत.

घरगुती औषधांची थोरवी गाणारे पुष्कळ भेटतात. हे शेजारपण मात्र ते सहसा सांगत नाहीत. मेळघाटात तान्ह्या मुलाच्या पोटावर तापल्या विळ्याने डाग दिल्याच्या बातम्या आपल्या काळातही आल्या आहेत. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडावे, ही समजूतही घरातलीच, आणि ती डागणीपेक्षा अधिक जीव घेते.

ओर्ता 1568 मध्ये वारला. त्याचे कुळ मूळचे यहुदी, धर्मांतर केलेले. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळले, आणि 1580 मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. ख्रिस्ती म्हणून हे वाचताना मान खाली जाते. ग्रंथ मात्र वाचला होता. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेला त्याचा लॅटिन संक्षेप 1567 मध्येच अँटवर्पला छापला गेला आणि युरोपभर पसरला.

तरीही युरोपच्या वैद्यकाने पेजेचा धडा घेतला नाही. एकोणिसाव्या शतकात तेथे पटकी पोहोचली तेव्हा रोग्याची शीर तोडून रक्त काढीत, पाऱ्याचे औषध देत आणि पुष्कळदा पाणीही नाकारीत. 1832 मध्ये थॉमस लॅटा या स्कॉटिश डॉक्टराने शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन काही रोगी वाचविले; पण ती रीत तेव्हा रुजली नाही.

पेजेची फेड 1971 मध्ये झाली असे म्हणता येईल. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले, आणि रोग्यांचे नातलगच ते पाजू लागले. शंभरात सुमारे तीस मृत्यूंवरून प्रमाण चारांच्याही खाली उतरले. 1978 मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय पत्राने या शोधाला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा शोध म्हटले. आतड्यात साखर मिठाला आपल्याबरोबर ओढून नेते, आणि त्यांच्यामागून पाणी शोषले जाते, एवढेच त्यातले मर्म. भाताचे पिष्ट पोटात हळूहळू साखरच होते. म्हणून पुढे ढाका आणि कलकत्ता येथे तांदळाच्या पिठाचे द्रावणही पारखले गेले, आणि पटकीत जुलाबाचे प्रमाण त्याने कमी होते असे आढळले. मिरी-जिऱ्याने चव येते. जीव राखतात ते पाणी, पिष्ट आणि मीठ.

आमच्या बोथ भागात मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. पेजेला कोणी गंजी म्हणतो, कोणाकडे ज्वारीची आंबील असते. पावसाळ्यात ओढ्यांना गढूळ पाणी आले की डोंगराकडच्या वस्त्यांवर जुलाब-वांती सुरू होते, आणि दवाखाना कोसभर दूर असतो. तेथे रांजणात आधीच असलेल्या वस्तूने मधली वेळ निभावते. पण मीठ न घातलेली निवळ पेज अपुरी पडते, आणि मूठभर मीठ घातलेली बाळाला घातक होते. माप असे: उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून पाहावे, अश्रूंहून खारट लागले तर ओतून द्यावे आणि नवे करावे. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर पाजत पाजतच दवाखान्याची वाट धरावी.