निळा दिवा आणि नजरेची मर्यादा

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, असं आपण म्हणतो. आज प्रश्न उलटा विचारू. कावीळ बरी करणाऱ्याला काय दिसतं, आणि काय दिसायचं राहून जातं?

१९५६ साल घ्या. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सांभाळत. हवा चांगली असली की त्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंगाचा पिवळेपणा उतरला होता, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोण तसाच पिवळा होता! पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतही बिलिरुबिन कमी भरलं. त्यातून १९५८ मध्ये क्रेमर, पेरिमन आणि रिचर्ड्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये निळ्या दिव्यांचा उपचार मांडला.

त्याच १९५६ मध्ये अमेरिकेत सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी वेगळीच तुलना प्रसिद्ध केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून औषधं देत. सल्फा मिळालेल्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि मेंदूत बिलिरुबिन शिरल्याचंही जास्त आढळलं. रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून असलेल्या बिलिरुबिनला सल्फा हुसकावून लावतं, हे मागाहून उमगलं. नजर जंतूंवर होती, घाव मेंदूवर बसला.

दिव्याचं काय? १९६८ मध्ये ल्यूसी यांची चाचणी आली आणि अमेरिकेतही तो रुळला. प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूची घडण बदलतो, मग ते यकृतातल्या नेहमीच्या प्रक्रियेवाचून पित्तातून, लघवीतून बाहेर पडतं. दुष्परिणामही दिसू लागले : पातळ शी, अंगातलं पाणी कमी होणं, ताप किंवा गारठा, पुरळ. पित्ताचा निचरा अडलेल्या काही बाळांची कातडी काळपट-तपकिरी होते, त्याची नोंद १९७२ मध्ये झाली. डोळे जपायला पट्टी आली, म्हणजे आईची नजरभेटही तेवढा वेळ तुटली. यातलं बहुतेक सगळं दिवा बंद केल्यावर ओसरतं.

म्हणून वाटलं, दिवा निरुपद्रवी आहे. जितका लवकर लावू तितकं बरं. हे तपासायला १९७४ बाळांची चाचणी झाली, २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळी एक किलोपर्यंतची. लवकर आणि जास्त प्रकाश दिलेल्या गटात मेंदूच्या वाढीतले दोष कमी निघाले, ३० ऐवजी २६ टक्के. पण ५०१ ते ७५० ग्रॅमच्या बाळांत मृत्यू ३४ ऐवजी ३९ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक पक्का ठरला नाही. दुर्लक्ष करण्याजोगाही नव्हता. पहिल्या शोधनिबंधापासून इथवर यायला ५० वर्षं लागली.

म्हणजे दिवा नाकारायचा का? मुळीच नाही. वाढलेली कावीळ बाळाला कायमचं बहिरेपण, अपंगत्व देऊ शकते. दिव्याआधी मुख्य आधार होता तो रक्त बदलण्याचा, आणि त्यात जिवाची जोखीम होती. आपल्याकडे बाळाला कोवळ्या उन्हात धरतात, पण अशा काविळीला ते पुरत नाही. तिथे दिवाच हवा.

मुद्दा वेगळाच आहे. मुख्य परिणाम आणि दुष्परिणाम ही वाटणी प्रकाशाला ठाऊक नसते. ती आपल्या हेतूने केलेली असते. आपण जे मोजतो ते पुढे येतं, बाकीचं बाजूला पडतं. म्हणून दिवा कधी लावायचा याइतकंच तो कधी बंद करायचा, हेही ठरवावं लागतं. सिस्टर वॉर्ड यांनी उजळलेली कातडी पाहिलीच, पण झाकलेला त्रिकोणही पाहिला. शोध लागला तो त्या दोन्हींमुळे.