गोऱ्हा, कोंबडा आणि नसबंदी



रनाळ्यासारख्या गावात वाढलेल्या पोराला वृषण म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. गोऱ्हा मारकुटा झाला, मान नि वशिंड भरू लागले, की त्याला बडवून घेतात. मग तो निमूट जू मानेवर घेतो. वृषण गेले की माज गेला, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. का गेला, ते मात्र कोंबड्यांनी सांगितले!

१८४९ साली जर्मनीत गॉटिंगेन येथे बेर्टोल्ड नावाच्या प्राध्यापकाने सहा कोंबडे घेतले. दोघांचे वृषण काढून टाकले. त्यांचे तुरे खुरटले, आरवणे आणि झुंजणे संपले. उरलेल्या चौघांच्या पोटात मूळ जागेवरून सोडवलेला एकेक वृषण ठेवला. त्यांतल्या दोघांना तर एकमेकांचा. हे चौघे खुशाल आरवत राहिले. जुने मज्जातंतू तुटले असताना निरोप पोचला कसा? रक्तातून, असे बेर्टोल्डने ताडले. त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही.

तो निरोप हाती लागायला १९३५ साल उजाडले. ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी वळूंच्या १०० किलो वृषणांतून अवघे १० मिलिग्रॅम द्रव्य काढले. तेच टेस्टोस्टेरॉन. मुलाचा आवाज फुटतो, मिसरूड येते, हाडे-स्नायू भरतात, कामेच्छा जागते, ती याच्याच जोरावर.

आता नीट ऐका. वृषणाची कामे दोन. बारीक नळ्यांत शुक्रजंतू तयार होतात आणि ते शुक्रवाहिनीतून बाहेर पडतात. नळ्यांच्या मधल्या पेशींत टेस्टोस्टेरॉन तयार होते. ते थेट रक्तात मिसळते, शुक्रवाहिनीची वाट धरीत नाही. गुरांचा डॉक्टर चिमट्याने गोऱ्ह्याची जी शीर चेचतो, तीत रक्तवाहिन्याही असतात. रक्त तुटले की वृषणच सुकतो. पुरुषाच्या नसबंदीत फक्त शुक्रवाहिनी कापून बांधतात. रक्तपुरवठा चालू, टेस्टोस्टेरॉन चालू. फक्त पहिले तीनेक महिने जपावे लागते, कारण मागचे शुक्रजंतू वाटेत शिल्लक असतात.

मग ‘माणसाचा बैल करतात’ ही भीती आली कुठून? मला वाटते, शेतकऱ्याने ती स्वतःच्या गोठ्यावरून ताडली. ते अडाणीपण नव्हे. एक दुवा तेवढा चुकला. तो समजावून सांगायच्या ऐवजी आणीबाणीत सक्ती झाली. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकसुद्धा मंजूर केले. ते अमलात आले नाही, पण धास्ती बसायची ती बसली. समजूत घालण्याचे काम मागे पडले.

त्याआधी, १९२७ साली, र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून असले विषय उघडपणे मांडले, तर त्यांच्यावर खटले झाले. शिक्षकबंधूंनो, वर्गात हा धडा आला की आपणही पान उलटतो, खरे ना?

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी शेकडा ३७.९ जोडप्यांत बाईने शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. पुरुषाने करून घेतली ती शेकडा ०.३ मध्ये. बाईला पोटात शस्त्र घ्यावे लागते. पुरुषाचे काम थोड्या वेळात उरकते आणि तो त्याच दिवशी घरी जातो.