ज्युदो शिकायचाय? आधी पडायला शिका

कन्नडसारख्या तालुक्यात जत्रेतल्या कुस्त्या पाहत मोठं झालेल्याला ज्युदो ओळखीचा वाटतो. पकड, तोल, फेक, सगळं तेच. शालेय क्रीडा स्पर्धांमध्येही हा खेळ आहे. पण कुस्ती येते म्हणून पहिल्याच दिवशी लढतीत उतरू नका.

ज्युदो आला कुठून?
जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत 'कोदोकान' ही संस्था काढली आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला. १९२९ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून शिंझो ताकागाकी तो शिकवायला शांतिनिकेतनात आले. १९६४ पासून तो ऑलिंपिकमध्ये दिसू लागला.

कुस्तीपेक्षा वेगळं काय?
• अंगात जाड सुती 'ज्युदोगी' असतो. त्याची कॉलर आणि बाही धरूनच बहुतेक डाव होतात. धोबीपछाडीशी मिळताजुळता 'इप्पोन सेओई नागे' त्यातलाच.
• पट काढायची सवय सोडावी लागते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उभ्याने लढताना हाताने पाय धरायला २०१३ पासून बंदी आहे.
• प्रतिस्पर्ध्याला वेगाने, जोरात पाठीवर टाकलं किंवा २० सेकंद दाबून धरलं की 'इप्पोन', म्हणजे थेट विजय.

सुरुवातीला काय शिकवतात?
'उकेमी', म्हणजे पडणं. मागे पडताना हनुवटी छातीकडे, नजर पट्ट्याच्या गाठीवर. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर ठेवून तळव्यांसकट मॅटवर आपटायचे. हात मागे टेकवायचा नाही. मनगट किंवा कोपर दुखावतं. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने.

एवढा आग्रह कशासाठी?
जपानमध्ये १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. अनेकांच्या डोक्याला मार लागला होता आणि त्यांत नवशिके बरेच होते. पडल्यावर डोकं दुखलं, गरगरलं किंवा उलटी झाली, तर सराव तिथेच थांबवा आणि डॉक्टरकडे जा. 'काही होत नाही' म्हणत पुन्हा उभं राहू नका.

क्लास लावण्याआधी काय पाहाल?
एक दिवस नुसतं बसून पाहा. खाली नीट जोडलेल्या मॅट आहेत का? नवख्याची जोडी वजन पाहून लावतात का? प्रतिस्पर्ध्याने हार मानून थाप मारताच पकड सुटते का? आणि मुख्य म्हणजे, उकेमी पक्की होईपर्यंत शिक्षक फेक थांबवून ठेवतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर दुसरा क्लास शोधा.