गोलाच्या आधीचा माणूस

वलगावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी दोन ढिगांत पडलेल्या असायच्या: बाबा जायच्या आधीच्या आणि बाबा गेल्यानंतरच्या. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, पेढी नदीच्या पुलाजवळ, गाडगेबाबांनी देह ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे जन्म, लग्नं, वावराच्या खरेद्या सगळं त्या रात्रीपासून मागं-पुढं मोजलं जाई. माझे आबाजी, म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, मुंबईला गेले तेही ‘बाबा गेले त्या हिवाळ्यात, पऱ्हाटीचा वेचा आटोपल्यावर’.

त्या दीड-दोन महिन्यांत किती काय घडलं होतं! १ नोव्हेंबरला वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आलं. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब गेले. मग गाडगेबाबा. आबाजी हे सांगताना मध्येच थांबत आणि त्याच दमात म्हणत, “अन् त्याच डिसेंबरात आपल्या पोट्ट्याइनं आस्ट्रेलियात आस्ट्रेलियाले चार गोल देल्ले.” मेलबर्न ऑलिंपिकमधला १ डिसेंबरचा हा सामना भारतानं ४-२ असा जिंकला, मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझांनी त्यात तीन गोल केले आणि भारत त्या स्पर्धेत चौथा आला. कापसाच्या गावातल्या म्हाताऱ्याच्या आठवणीत हे तीन गोल बाबांच्या शेजारी कसे येऊन बसले, याचं मला लहानपणी फार नवल वाटे.

त्याचं कारण लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात होतं. तिथं आबाजींच्या शेजारच्या बाकावर एक गोवेकर फिटर होता. वलगावची आठ-दहा माणसं एका खोलीत पथाऱ्या टाकून राहत, तशी गोव्याच्या गावांची माणसं धोबीतलावला आपापल्या गावाच्या कुडीत राहत. फिटरच्या कुडीत त्या दिवसांत नेव्हिलशिवाय दुसरा विषय नव्हता. त्यानंच रविवारी आबाजींना कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर ओढत नेलं. शिट्टी का वाजते हेही त्यांना कळत नव्हतं. पण एका गोष्टीची नजर ते इथूनच घेऊन गेले होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात ते पोरपणी हुतूतू खेळले होते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभ्या केलेल्या याच मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखवले होते. आबाजी चढाईचे गडी नव्हते, साखळीतले होते. चढाईवाल्याचं नाव गावभर होतं. साखळीत हात धरून, योग्य क्षणी एक पाऊल पुढं सरकून पकड जमवून देणाऱ्याचं नाव संघातल्या सहा जणांपलीकडे जात नाही, हे त्यांना सोसून ठाऊक होतं. म्हणून कूपरेजवर सगळे फॉरवर्डकडे पाहत असताना ते हाफबॅककडे पाहू लागले. आज ज्याला आपण मिडफिल्डर म्हणतो, त्याला तेव्हा सगळे हाफबॅक म्हणत.

आणि त्यांचा हाफबॅक एकच: फॉर्च्युनाटो फ्रँको.

फ्रँको मूळचे गोव्याचे आणि खेळाडू मुंबईच्या मैदानांवर घडलेले. टाटांच्या संघाकडून ते खेळले, गोव्याच्या साळगावकर क्लबकडूनही खेळले. आबाजी त्यांचं वर्णन करत ते असं: “थो पोट्टा चेंडू याच्या आंधीच मान फिरवून पाहे. चेंडू पायाशी आला का त्याले ईचार कराव लागे नाही, ईचार आंधीच झालेला राहे.” पुढं मी बारकाईनं फुटबॉल पाहू लागलो आणि मधल्या फळीच्या खेळावर बरंच वाचलं, पण या दोन वाक्यांपलीकडचं फारसं काही हाती आलं नाही.

एक गोष्ट मला आबाजींनी सांगितली नाही, तारखा जुळवताना लक्षात आली. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात फ्रँको होते. त्यांना तिथं मैदानात उतरायची संधी मिळाली नाही. मधली फळी केंपय्या आणि राम बहादूर सांभाळत होते. त्या संघानं फ्रान्सला १-१ असं रोखलं. पण १९६० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता! ज्या देशाचा शर्ट अंगावर होता, त्या देशात स्वतःच्या पूर्वजांचं गाव अजून आलेलं नव्हतं. ते आलं १९ डिसेंबर १९६१ ला. आमचं वऱ्हाडही तेव्हा पाच वर्षांत तिसऱ्या राज्यात नांदत होतं. नकाशे असे हलत असताना धोबीतलावच्या कुडीतला फिटर आणि वलगावचा साखळीतला गडी कूपरेजच्या लाकडी फळीवर शेजारी बसून एकाच पोराला ‘आपला’ म्हणत होते, हे मला त्या काळाबद्दल कुठल्याही ग्रंथापेक्षा जास्त सांगतं.

हाफबॅकचं काम तेव्हा का जड झालं होतं, तेही सांगायला हवं. भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, पेशानं शिक्षक. जुन्या मांडणीत तीन बचावपटू मागं असत. रहीमसाहेबांनी संघाला ४-२-४ अशा मांडणीवर आणलं. मागं चार, पुढं चार आणि मध्ये फक्त दोघं. शंभर-सव्वाशे वार लांबीच्या मैदानाचा सगळा मधला पट्टा या दोघांच्या फुप्फुसांवर. चढाई मोडली की धावत मागं यायचं, चेंडू हिसकावला की पुढच्या चौघांपैकी मोकळा कोण ते हेरून त्याच्या धावेच्या पुढं चेंडू टाकायचा. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम यांच्यासारखे पुढं असले की लोकांना वाटतं गोल आपोआप होतात. मधला माणूस दमला की ते तिघंही उपाशी राहतात.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची गोष्ट आबाजी ओट्यावर बसून सांगत, तेव्हा समोर नेहमी पाच-सहा श्रोते असत, आणि त्यातल्या एकाशी त्यांचं भांडण ठरलेलं. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार. मग थायलंडवर ४-१, जपानवर २-०, उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२. बचावपटू जर्नेलसिंगांच्या डोक्याला मार लागून टाके पडलेले. पायानं नीट होते, पण बचावात डोक्यानं चेंडू परतवणार कसा? रहीमसाहेबांनी त्यांना चक्क सेंटर फॉरवर्ड केलं. आणि अंतिम फेरीत समोर पुन्हा तोच कोरिया.

४ सप्टेंबर १९६२. सेनायनच्या मैदानावर लाखाच्या आसपास माणसं, आणि ती सगळी भारताच्या विरोधात. यजमान इंडोनेशियानं इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवलं होतं. भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर हरकत घेतली, आणि त्या रागाचा भार अकरा खेळाडूंवर येऊन पडला. आपल्या राष्ट्रगीताच्या वेळीही गलका चालूच होता. मधल्या फळीत फ्रँको आणि प्रशांत सिन्हा. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला. विसाव्या मिनिटाला फ्रँकोंनी मारलेल्या फ्री किकवर जर्नेलसिंगांनी दुसरा. कोरियानं उत्तरार्धात एक फेडला, पण शेवट २-१ असाच झाला. सुवर्णपदक! १९५१ च्या दिल्लीनंतरचं दुसरं, आणि आजतागायत शेवटचं.

भांडण त्या दुसऱ्या गोलावरून होई. आबाजी म्हणत, “दुसरा गोल फ्रँकोचा.” शेजारचे तात्या जुना पेपर वाचलेले, ते म्हणत, “दादा, जर्नेलचा हाय थो. पेपरात छापून आलं हाय.” आबाजी तंबाखू मळता मळता म्हणायचे, “गोल कोनं मारला थे साऱ्याइले दिसते. चेंडू त्याच्यापाशी कोनं आनून देल्ला, थे पाय.” नोंदीच्या हिशेबानं तात्या खरे होते. पण मी आता आबाजींच्या बाजूचा आहे, आणि माझ्या हातात एक यादी आहे.

अर्जुन पुरस्कार १९६१ पासून सुरू झाला. १९६१ ला पी. के. बॅनर्जी, १९६२ ला बलराम, १९६३ ला चुनी गोस्वामी, १९६४ ला जर्नेलसिंग, १९६५ ला अरुण घोष, १९६६ ला युसूफ खान, १९६७ ला गोलरक्षक थंगराज. सात वर्षं, सात फुटबॉलपटू, सातही जकार्ताच्या संघातले. गोल करणारे त्यात आहेत, गोल वाचवणारे आहेत, गोल अडवणारा उभा खांबही आहे. अंतिम सामन्यात मधला पट्टा ज्यांनी तोलून धरला ते फ्रँको आणि सिन्हा नाहीत. कुणाचा पुरस्कार चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. सातही जण त्याला पुरेपूर लायक होते. पण रांगेत सात जागा असताना आठवी आणि नववी जागा कुणाला सुचली नाही, याचं मला दुःख आहे. हे दुःख मी वारशानं घेतलं आहे आणि ते बाळगायला मला संकोच वाटत नाही.

रहीमसाहेब जकार्तानंतर वर्षभरही राहिले नाहीत. ११ जून १९६३ रोजी कर्करोगानं गेले. पुढल्या वर्षी मद्रासला महाराष्ट्रानं संतोष करंडक जिंकला, आणि कर्णधार होते फ्रँको. मुंबईच्या नावानं तो आधी जिंकला गेला होता, महाराष्ट्र या नावानं पहिल्यांदाच. आबाजींना जकार्तापेक्षा हा विजय जवळचा वाटे. वर्कशॉपात त्यांना सगळे ‘नागपूरवाले’ म्हणत. वलगाव आणि नागपूर यांच्यातलं अंतर सांगून ते थकले होते. त्या दिवशी गोवेकर फिटरनं पेढ्यांऐवजी बेबिंका आणला आणि म्हणाला, तुमचा महाराष्ट्र आमच्या माणसानं जिंकवला. आबाजींचं उत्तर असं की, आमचा-तुमचा कायले, करंडक तर एकच हाय.

गुडघ्याच्या दुखापतीनं फ्रँकोंची कारकीर्द लवकर संपली. त्यांच्या खेळाचं हलतं चित्र शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. हाताला लागले ते संघाचे फोटो: दोन ओळी, छातीवर हातांच्या घड्या, नावं खाली बारीक टायपात. १० मे २०२१ रोजी, चौऱ्याऐंशीच्या घरात, ते गोव्यात वारले. देशातल्या उत्तम मिडफिल्डरांपैकी एक गेला, असं बातम्यांत होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळा जिल्हा दारं लावून बसलेला, आबाजी जाऊन बरीच वर्षं झालेली. ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवावी असं घरात कुणी नव्हतं. २०२४ मध्ये रहीमसाहेबांवरचा ‘मैदान’ पडद्यावर आला, तेव्हा मी अमरावतीला जाऊन तो पाहिला आणि अंतिम सामन्यात सारखा मधल्या दोघांना शोधत राहिलो.

मी शाळेत शिकवतो. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात पोटरीपर्यंत धरते. फुटबॉल काय तो हिवाळ्यात. सामना संपला की निकाल व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहायचा, आणि गोल करणाऱ्याच्या नावाआधी पास देणाऱ्याचं नाव लिहायचं, हा माझा नियम आहे. गेल्या हिवाळ्यात तिथं सातवीतल्या एका मुलीचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं, आणि तिचा स्वतःचा गोल एकही नव्हता. एक दिवस तिची आई वावरात जाता जाता शाळेच्या फाटकाशी थांबली. “गुरुजी, पोरीचं नाव पाट्यावर हाय म्हनते, पन गोल तर दुसऱ्यानंच मारले. मंग हिनं केलं काय?” मी त्यांना आत बोलावलं, खडू घेतला आणि फळ्यावर मैदान काढायला सुरुवात केली: मागं चार, पुढं चार, मध्ये दोघं.